पणजोबांचा माग : सातबारा, कोतवाल बुक आणि दाखल-खारीज यांतून एका माणसाचे आयुष्य कसे उलगडावे

वंशावळ बऱ्याच घरांत असते. कोणी तरी काका निवृत्तीनंतर बसून पाच-सहा पिढ्यांची नावे एका मोठ्या कागदावर उतरवून काढतात आणि त्याच्या झेरॉक्स भावकीत वाटतात. त्या कागदावरून पणजोबांच्या वडिलांचे नाव कळते, पण पणजोबा कसे जगले, त्यांची जमीन कशी गेली किंवा आली, ते मुंबईला केव्हा गेले, त्यांची पहिली बायको कशाने वारली, यांतले काहीच कळत नाही. या लेखात वंशावळीचे झाड वाढवण्याचा विचार केलेला नाही. साधारण १८७० ते १९१० या काळात महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात जन्मलेल्या एकाच माणसाचे आयुष्य उपलब्ध कागदांतून जितके उभे करता येईल तितके कसे करावे, एवढाच विषय आहे. हा काळ मुद्दाम निवडला आहे, कारण त्या पिढीला पाहिलेली माणसे अजून कुठे कुठे हयात आहेत आणि त्या काळचे सरकारी कागदही बऱ्यापैकी टिकले आहेत.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपले पूर्वज स्वतःविषयी फारसे लिहीत नसत. त्यांना दुसऱ्यांनी आपल्या गरजेपोटी लिहून ठेवले आहे. सारा वसूल करायचा म्हणून सरकारने, कर्ज वसूल करायचे म्हणून सावकाराने, पट दाखवायचा म्हणून मास्तरांनी आणि दक्षिणेचा हक्क राखायचा म्हणून तीर्थोपाध्यायांनी लिहिले. त्यामुळे ‘पणजोबांचे नाव कुठे सापडेल’ असे विचारण्याऐवजी ‘पणजोबांना लिहून ठेवण्याची गरज कोणाला पडली असेल’ असे विचारले, की शोध आपोआप वाटेला लागतो. इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके दर दहा वर्षांच्या जनगणनेच्या घरवार याद्यांपासून सुरुवात करायला सांगतात, ते आपल्या उपयोगाचे नाही. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून शिरगणती होत आली, पण तिचे घरोघरचे तक्ते संशोधकांसाठी जपून ठेवलेले नाहीत आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीविषयीची माहिती गोपनीय ठरवली आहे. आपल्याकडे ती जागा जमिनीच्या कागदांनी भरून काढली आहे.

आधी घर, मग कचेरी

तहसील कचेरीच्या पायऱ्या चढण्याआधी घरातल्या आणि भावकीतल्या वयस्कर माणसांशी बोलून घ्यावे. त्यांना ‘सन कोणते’ असे विचारू नये, कारण त्यांना सन आठवत नाही आणि आग्रह केला तर ती अंदाजाने सांगतात. त्याऐवजी घटना विचाराव्यात. ‘आजा मानमोडीत गेला’ असे कोणी म्हणाले, तर तो १९१८ चा इन्फ्लुएंझा होय. ‘गाठीच्या तापाला भिऊन रानात झोपड्या घातल्या होत्या’ हे १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांचे वर्णन आहे. ‘छप्पन्नच्या दुष्काळात गुरे विकली’ म्हणजे विक्रम संवत १९५६, अर्थात १८९९-१९००. अलीकडच्या गोष्टींना पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आणि बहात्तरचा दुष्काळ या पक्क्या खुंट्या आहेत. एखादे मूल त्याच्या आधी झाले की नंतर, एवढे विचारले तरी दोन-तीन वर्षांच्या अंतरात येऊन पोहोचता येते.

दुसरी चौकशी जात पडताळणीच्या फायलीची करावी. भावकीतल्या कोणा ना कोणा मुलाने शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा निवडणुकीसाठी जातवैधता प्रमाणपत्र काढलेले असते आणि त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ यांपूर्वीचे पुरावे शोधावे लागलेले असतात. त्या फायलीत आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल आणि प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ बहुतेकदा आयतीच मिळते. मात्र ती वंशावळ अर्जदाराला लागणाऱ्या एका फांदीपुरतीच काढलेली असते, हे विसरू नये.

घरातल्या वस्तूंमध्ये जुने दस्त, सोसायटीचे पासबुक, जन्मपत्रिका आणि रेशनकार्ड हे सगळे जण पाहतात, पण भांडी कोणी पाहत नाही. माळ्यावरच्या तांब्या-पितळेच्या हंड्यांच्या काठावर नाव, गाव आणि पुष्कळदा तारीख ठिपक्यांनी कोरलेली असते. लग्नात आंदण आलेल्या भांड्यावर पणजीच्या वडिलांचे किंवा मामाचे नाव आणि गाव असू शकते, आणि पुढे आपण पाहणारच आहोत की पणजीच्या माहेरचा एवढा थेट पुरावा सरकारी दप्तरात क्वचितच मिळतो. भांडे मोडीत काढण्याआधी त्याचा तिरप्या उजेडात फोटो घ्यावा.

गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होते

कागद कुठे सापडेल हे गावाच्या आजच्या जिल्ह्यावरून ठरत नाही. ते गाव १९४७ पूर्वी कोणाच्या अमलाखाली होते यावरून ठरते. पुणे, सातारा, नगर, नाशिक, रत्नागिरी, खानदेश हे मुंबई इलाख्यात होते आणि तिथे रयतवारी पाहणीचे, म्हणजे जमीन मोजून थेट शेतकऱ्यावर सारा ठरवण्याच्या मोजणीचे, कागद आहेत. त्यातही सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थाने होती आणि त्यांची दप्तरे वेगळी होती. एकाच तालुक्यातली शेजारची दोन गावे दोन निरनिराळ्या राज्यांत असणे यात नवल नव्हते. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तिथले जुने महसुली कागद उर्दूत असतात. तिथे १९५० च्या दशकातले खासरा पत्रक, म्हणजे सर्व्हे नंबरवार जमिनीची यादी, हा सर्वांत हुकमी दुवा आहे. नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे गावच्या मालगुजारामार्फत सारा वसूल करण्याची पद्धत, होती, तेव्हा तिकडे बंदोबस्ताच्या मिसली (फायली) आणि अधिकार अभिलेख विचारावेत. गोव्यातल्या कुटुंबांसाठी पणजीचे पुराभिलेख खाते, देवस्थानच्या महाजनांच्या याद्या आणि ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्मा व लग्नाची पुस्तके हा स्वतंत्र आणि बराच जुना ठेवा आहे.

जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत. जुन्या कागदावर ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर तो आजचा रायगड. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. गाव धरणात गेले असेल, तर भूसंपादनाचा निवाडा मागावा. त्यात प्रत्येक खातेदाराची जमीन, घर, विहीर आणि झाडे यांची नोंद मोबदल्यासाठी केलेली असते आणि घराचे इतके तपशीलवार वर्णन दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळत नाही.

सातबाऱ्याला धरून मागे जाणे

आता मुख्य कामाकडे येऊ. घरच्या जमिनीचा आजचा सातबारा घ्यावा. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. त्यावर नावांच्या शेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक होत. प्रत्येक आकड्यामागे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, एक परिच्छेद दडलेला असतो आणि पणजोबांचे आयुष्य त्या परिच्छेदांत आहे. सर्वांत अलीकडच्या फेरफारापासून एकेक करत मागे जावे. हाती लिहिलेले जुने सातबारे आणि फेरफार अनेक तालुक्यांत स्कॅन झाले असून ते ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. जे तिथे नाहीत त्यांच्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो.

वाटेत एक अडथळा ठरलेला आहे. १९४७ च्या तुकडेजोड-तुकडेबंदी कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना झाली आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आजचा गट नंबर घेऊन १९३० चा कागद मागितला तर ‘असा नंबर नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते खरेही असते. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा घ्यावा. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांची सांगड घातलेली असते. कोकणातल्या बऱ्याच गावांत सर्व्हे आणि हिस्सा नंबरच चालू आहेत, तिथे ही पायरी लागत नाही.

जुना वारसाचा फेरफार साधारण असा असतो : ‘खातेदार रामजी बिन सखोजी हे सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. त्यास वारस मुलगे १ विठू, २ बाबू अ. पा. क. आई भागीरथी. विठू याचे वर्दीवरून नोंद केली.’ नावे इथे नमुन्यापुरती घेतली आहेत. या चार ओळी सावकाश वाचाव्यात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, तेव्हा सखोजी हे एक पिढी मागचे नाव मिळाले. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाबू तेव्हा अज्ञान होता आणि आई त्याची पालक होती, म्हणजे बाबूच्या जन्मसालाला एक मर्यादा पडली आणि पणजी नवऱ्यामागे हयात होती हेही कळले. वर्दी, म्हणजे खबर, विठूने दिली, म्हणजे तो सज्ञान होता. ‘सुमारे दोन वर्षांपूर्वी’ हे शब्द मात्र जपून घ्यावेत. वारसाची वर्दी लोक गरज पडेपर्यंत देत नसत. कर्ज काढायची वेळ आली की जाग येई. त्यामुळे फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख धरणे ही या शोधातली सर्वांत जास्त होणारी गफलत आहे.

पुढे नावाआधी ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे दिसतील. ती एकत्र कुटुंब मॅनेजरची. याचा अर्थ जमीन एका भावाच्या नावावर दिसत असली तरी बाकीचे भाऊ हक्कदार होते आणि त्यांची नावे त्या पानावर नाहीत. पणजोबांचे नाव सातबाऱ्यावर मुळीच सापडत नसेल, तर थोरल्या भावाच्या नावाआधी ही अक्षरे आहेत का ते आधी पाहावे. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, तगाई (सरकारी शेतीकर्ज), नजरगहाण (ताबा न देता गहाण), मुदत खरेदी (मुदतीत पैसे फेडल्यास जमीन परत घेण्याच्या अटीची विक्री) असे शब्द येतात. त्यांच्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की घराची चढउतार दिसू लागते : अमुक साली विहिरीसाठी तगाई, चार वर्षांनी सावकाराकडे मुदत खरेदी, पुढे त्याच जमिनीवर स्वतः पणजोबाच कूळ. अशा घराची कथा पुढे १ एप्रिल १९५७ या तारखेशी येऊन मिळते. कूळकायद्याने त्या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, आणि त्यासाठी चाललेल्या ३२-ग च्या चौकशीत कुळाचे व मालकाचे जबाब घेतले जात. ते जबाब मिळाले, तर आजोबा किंवा पणजोबा स्वतः काय म्हणाले हे जवळपास त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते.

हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा आहे, त्यामुळे फेरफारांची साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत कुठे तरी संपते. त्याच्या मागे जायचे तर शेतवार पत्रक, कडई पत्रक आणि मूळ पाहणीची प्रतिबुके ही जुन्या मोजणीची कागदपत्रे भूमी अभिलेख कार्यालयात विचारावीत. एका कार्यालयाने ‘अभिलेख जीर्ण’ किंवा ‘उपलब्ध नाही’ म्हटले म्हणून थांबू नये. तहसीलचे आणि भूमी अभिलेखचे दप्तर वेगवेगळे असते.

ज्यांच्याकडे जमीन नव्हतीच त्यांनी काय करावे, हा प्रश्न रास्त आहे. बलुतेदार आणि वतनदार घराण्यांची नावे वतनाच्या कागदांत येतात. महार वतनासह गावची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने, तर कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, आणि ती संपवताना कोण वतनदार होते आणि जमीन कोणाला परत दिली याच्या नोंदी झाल्या. ज्यांच्याकडे वतनही नव्हते, त्यांच्यासाठी पुढची तीन दप्तरे अधिक कामाची आहेत.

कोतवाल बुक

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाने गावातला जन्म किंवा मृत्यू येऊन सांगायचा आणि तो वहीत चढायचा, अशी ती पद्धत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर या वह्यांना एकदम महत्त्व आले आणि अनेक ठिकाणी त्यांचे स्कॅनिंग झाले, याचा फायदा घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यालाही होतो.

तिथे जाताना अपेक्षा नेमकी ठेवावी. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. बापाचे नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. त्यामुळे पणजोबांची जन्मनोंद त्यांच्या नावाने शोधून मिळणार नाही. त्यांच्या वडिलांच्या नावाने शोधावी आणि त्या बापाची सगळी मुले ओळीने उतरवून घ्यावीत. मग मृत्यूची बाजू उघडावी. मृतांच्या नावापुढे वय आणि कारण असते : ताप, पटकी, देवी, हगवण, बाळंतरोग. एकाच बापाची चार मुले जन्मनोंदीत आणि त्यांपैकी दोन मृत्यूनोंदीत सापडतात, तेव्हा घरातल्या वंशावळीत त्यांचा उल्लेखही का नाही हे समजते. १९१८ च्या शेवटच्या तिमाहीची पाने तर प्रत्येकाने पाहावीत. इतर वर्षी वर्षभरात जेवढी पाने भरत, तेवढी तिथे काही आठवड्यांत भरलेली दिसू शकतात. आपल्या घरचे नाव त्या पानांवर नसले, तरी पणजोबा त्या वेळी कोणत्या गावात वावरत होते हे कळते.

शाळेची नोंद आणि एक जूनचे कोडे

जुनी लोकल बोर्डाची शाळा आज जिल्हा परिषदेची असते आणि जनरल रजिस्टर, म्हणजेच दाखल-खारीज, मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. त्यात नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि नाव कमी केल्याची तारीख, आणि कमी करण्याचे कारण असते. हे शेवटचे सदर फार बोलके असते. ‘सतत गैरहजर’, ‘गाव सोडले’ असे दोन-दोन शब्द; पण ‘गाव सोडले’ आणि सातबाऱ्यावरच्या मुदत खरेदीची तारीख एकाच वर्षाची निघाली, तर घर का उठले हे सांगायला तिसरा पुरावा शोधावाच लागत नाही.

जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नये, विशेषतः ती १ जून असेल तर. शाळा जूनमध्ये भरायची, मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते मास्तर पाहायचे आणि १ जून लिहून वर्ष अंदाजाने टाकायचे. महाराष्ट्रातल्या कित्येक आजोबांचा वाढदिवस म्हणूनच एका दिवशी येतो. अशी तारीख टिपून घ्यावी, पण कोतवाल बुकातल्या जन्मनोंदीशी ताडून पाहीपर्यंत ती अंदाजच समजावी.

पणजी कुठे आहे

पणजोबांचा शोध चालू असतानाच पणजीचा वेगळा विचार करावा लागतो, नाही तर ती ‘भागीरथी कोम रामजी’ एवढीच उरते. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. लग्नात पुष्कळदा नावही बदलले जाई, म्हणून माहेरच्या गावी तिला सासरच्या नावाने शोधणे व्यर्थ आहे. कुलवृत्तांतांचीही हीच अडचण आहे. पुरुषांच्या पंधरा पिढ्या आणि बायकांच्या जागी रेघ, असे जुने कुलवृत्तांत ढिगाने आहेत.

तरीही ती सापडते, फक्त ठरावीक जागी. नवरा वारल्यावर वारसाच्या फेरफारात ती विधवा किंवा पालक म्हणून येते. पोटगीचा किंवा वाटपाचा दावा झाला असेल, तर दिवाणी न्यायालयाच्या फायलीत तिचा जबाब असतो आणि जबाबाच्या सुरुवातीला वय, राहणार आणि बऱ्याचदा माहेरही येते. नोंदणीकृत दस्तात साक्षीदार म्हणून तिचा भाऊ सही करताना दिसतो; ज्याचे आडनाव आपल्या भावकीतले नाही आणि गावही निराळे आहे असा साक्षीदार दिसला, की तो माहेरचा असण्याचा संशय घ्यावा. त्या गावच्या शाळेत तिच्या भावांची नोंद आणि कोतवाल बुकात तिच्या बापाच्या नावे मुलीचा जन्म शोधता येतो. हा मार्ग लांबचा आहे, पण पणजीपर्यंत नेणारा दुसरा खात्रीचा मार्ग क्वचितच असतो.

दुय्यम निबंधकाकडचे दस्त

खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र आणि मृत्युपत्र यांच्या नकला दुय्यम निबंधक कार्यालयात असतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक १ आणि त्याच्या सूची कोणालाही शुल्क भरून पाहता येतात. सूची १ व्यक्तींच्या नावांनी आणि सूची २ मालमत्तेनुसार लावलेली असते. वर्ष माहीत नसेल, तर सूची १ दरवर्षीची एकेक पाहत जाणे हाच उपाय. मृत्युपत्र करणारा वारल्यानंतर त्याच्या मृत्युपत्राची नक्कलही मागता येते.

दस्ताचा मधला कायदेशीर भाग साचेबंद असतो. वाचण्यासारखे पहिले आणि शेवटचे पान असते. पहिल्या पानावर वय, धंदा, राहणार आणि पैसे कशासाठी घेतले याचा तपशील येतो : लग्नखर्चासाठी, बैलासाठी, पूर्वीचे देणे फेडण्यासाठी. शेवटच्या पानावर सह्या. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याच्या नावापुढे जुन्या कागदात ‘निशाणी नांगर’ असते, बाईच्या नावापुढे बांगडी असते, आणि नंतरच्या काळात सर्वांचाच डाव्या हाताचा अंगठा येतो. पणजोबांनी एका दस्तावर अंगठा आणि पंधरा वर्षांनंतरच्या दस्तावर मोडीत सही केली असेल, तर मधल्या काळात ते अक्षर शिकले, ही नोंद आपल्या टिपणात ठळक करावी.

गाव सोडून गेलेला माणूस

दप्तरातून माणूस अचानक नाहीसा झाला की तो वारला असेच समजू नये. कोकण आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांची नोंद गावाकडे राहत नाही. गिरण्यांचे स्वतःचे कागद बहुतेक हरवले, पण गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरांकरिता १ जानेवारी १९८२ नंतर कामावर असल्याचा पुरावा मागितला गेल्यामुळे त्या पिढीच्या घरांत तिकीट नंबर, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या सापडतात. बाप कामावर असताना मुलाला त्याच खात्यात लावण्याची रीत होती, म्हणून या कागदांवरून मागच्या पिढीची गिरणीही पुष्कळदा कळते. गावकीच्या खोल्यांची, म्हणजे ग्रामस्थ मंडळांची, वर्गणीची वही हा आणखी एक दुर्लक्षित कागद आहे. कोण कोणत्या साली मुंबईला आला हे त्यात वर्गणी सुरू झाल्याच्या तारखेवरून कळते.

पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी आधी गावातच पाहावे. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ‘या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धास गेले’ अशा आशयाची शिळा आहे; साताऱ्याचे अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. शिळेवर आकडे असतात, नावे नसतात. मृतांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात आणि अनेक नोंदींत बापाचे नाव, गाव व जिल्हाही दिलेला असतो. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले स्पेलिंग असल्याने नावाची चार-पाच रूपे करून पाहावीत, आणि आडनाव सोडून केवळ गावाच्या नावानेही शोधून पाहावे.

समुद्रापार गेलेल्यांमध्ये मॉरिशसचे मराठी कुटुंब उलट दिशेने शोध घेत असेल, तर त्याचे काम काही बाबतींत सोपे आहे. तिथे १८३४ पासून गेलेल्या करारबद्ध मजुरांना क्रमांक दिलेला असे, आणि मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती नोंदपुस्तके आहेत. त्यांत जहाज, वय, बापाचे नाव, गाव-परगणा आणि पुढच्या काळातल्या लोकांची छायाचित्रेही आहेत. अडचण असते ती गावाच्या नावाची, कारण ते मुंबई बंदरात ऐकीव लिहिले गेले. अशा नावाचा उच्चार मोठ्याने करून पाहावा आणि ते बसते का, हे रत्नागिरी व आसपासच्या जुन्या तालुक्यांच्या गावयादीत तपासावे.

तीर्थोपाध्याय आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया या ठिकाणच्या उपाध्यायांच्या वह्या गाव, जात आणि आडनाव यांनुसार लावलेल्या असतात. अस्थी घेऊन आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने कुटुंबाची नावे लिहून खाली सही करायची, ही पद्धत असल्यामुळे तिथे पणजोबांचे अक्षरच समोर येण्याची शक्यता असते, आणि या वह्यांत बायकांची व मुलींची नावेही कधी कधी सापडतात. जाण्यापूर्वी आपल्या मूळ गावाचे उपाध्याय कोण हे विचारून घ्यावे. सध्याच्या राहत्या शहराच्या नावाने वही निघत नाही. दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात, हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारे फिरते लोक, घरोघर येऊन पिढ्या वाचून दाखवतात. त्यांच्याकडची मूळ पुरुषाची कथा ऐकावी जरूर, पण अलीकडच्या चार-पाच पिढ्या सातबाऱ्याशी जुळल्या, तरच त्यामागच्या पिढ्यांना टिपणात जागा द्यावी.

कागद एकमेकांशी भांडतात तेव्हा

आतापर्यंतचे कागद समोर मांडले की त्यांचे एकमेकांशी पटत नाही असे दिसेल. शाळा म्हणते जन्म १८९८, दस्तातल्या वयावरून येतो १८९३ आणि मृत्यूनोंदीवरून १८८९. अशा वेळी सरासरी काढू नये. कोणता कागद घटनेच्या जवळच्या काळात लिहिला गेला, माहिती कोणी सांगितली आणि खोटे सांगण्यात कोणाचा फायदा होता, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावेत. दस्तातले वय ‘सुमारे’ असते. मृत्यूच्या वेळचे वय शेजाऱ्याने सांगितलेले असते. तिन्ही वर्षे टिपणात तशीच ठेवून त्यांपैकी कोणते आणि का स्वीकारले ते शेजारी लिहावे.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीने एकाच घरात दोन रामजी असतात आणि गावात तर चार. केवळ नाव जुळले म्हणून नोंद आपली मानू नये. नाव, बापाचे नाव आणि सर्व्हे नंबर या तिन्हींपैकी किमान दोन जुळावेत. आडनावाचा आधार तर जुन्या कागदांत फारसा नसतोच. एकाच माणसाच्या नावापुढे एका वहीत गावावरून ‘कर’, दुसरीत धंदा आणि तिसरीत काहीच नाही, असे सर्रास आढळते.

मोडी आणि जुने सन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बरेच दप्तर मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि ओळीची शिरोरेषा आधी आखून अक्षरे तिला लटकवलेली असतात, म्हणून पहिल्या पानावर धीर सुटतो. सगळी मोडी शिकण्याची गरज नाही. आपल्या गावाचे, आडनावाचे आणि पाच-सहा पूर्वजांचे नाव मोडीत कसे दिसते हे जाणकाराकडून लिहून घ्यावे, ती रूपे डोळ्यांत बसवावीत आणि पाने चाळावीत. नाव दिसले की त्या पानापुरते लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे.

सनांचे गणित मात्र स्वतः करता आले पाहिजे. शकात ७८ मिळवावेत, पौषाच्या सुमारास जानेवारी लागल्यापासून फाल्गुनापर्यंतच्या मितीला ७९. फसली, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेल्या महसुली, सनात ५९० किंवा ५९१ मिळवावेत. निजामी कागदांत महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे असतात आणि शेवटच्या काळात त्यांचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत येतो : ‘सबा खमसैन मया व अलफ’ म्हणजे सात, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५७. हे वर्ष मृगात सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. ११५७ म्हणजे १७५६-५७.

पाहणीच्या पलीकडे

सामान्य शेतकरी घराची साखळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या पाहणीजवळ तुटते. त्यामागे फक्त वतन, इनाम, पाटीलकी, देवस्थानची सेवा किंवा लष्करी चाकरी असलेल्यांची नावे जातात. अशा घरांसाठी पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर, ही मुख्य जागा आहे. तिथे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. १८५२ च्या कायद्याखालच्या इनाम कमिशनने इनाम टिकवायचे तर पुरावा आणा असे फर्मावले होते, त्या चौकशीत लोकांनी सादर केलेल्या कैफियती (लेखी निवेदने) आणि वंशावळीही या दप्तराच्या कक्षेत येतात. मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथेही पुराभिलेख विभागाची केंद्रे आहेत, आणि पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे खासगी घराण्यांची दप्तरे आहेत.

तिथे जाताना ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज न्यावा, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावाचा जुना परगणा, तर्फ आणि प्रांत यांची नावे आधी शोधून ठेवावीत. तिथले दप्तर आजच्या तालुक्यांनुसार लावलेले नाही आणि आडनावावरून तर रुमाल काढून मिळतच नाही. ‘अमुक परगणा, अमुक गाव, इनाम कशाचे’ एवढे सांगता आले, तरच कर्मचाऱ्याला कोणता रुमाल सोडायचा ते कळते.